नाडी, बोली आणि मधला माणूस

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण तपासले आणि हा प्लेग आहे असं स्पष्टपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडवरच्या साथरोग रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. रुग्णालयात माणसाला मारून त्याच्या देहातून मोमियाई काढतात, अशी त्या वेळी शहरभर आवई होती. एकदा आत गेलेला माणूस परत येत नाही, असं लोक म्हणत.

प्लेगचा इतिहास आपण बहुतेक वेळा राजकारणाचा इतिहास म्हणून वाचतो. रँड, चाफेकर, 'केसरी'तले लेख, राजद्रोहाचा खटला या क्रमाने. ते योग्यच आहे. मला मात्र गेली काही वर्षं तो एका बिनसलेल्या संभाषणाचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो. विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात आंतरवासी डॉक्टरांपुढे वर्षातून दोन-तीनदा बोलायची वेळ माझ्यावर येते. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. ज्या सत्रात मला बोलावतात त्याचं कागदावरचं नाव 'आरोग्य व्यावसायिकांसाठी आंतरसांस्कृतिक संवादकौशल्य प्रशिक्षण'. हे नाव उच्चारतानाच दम लागतो. मुलांना वाटतं की हे परदेशातून आलेलं नवं खूळ आहे. परदेशातून आलंय हे अर्धंच खरं, आणि नवं तर मुळीच नाही.

आर्थर रोडचंच पाहू. 'हॉस्पिटल' हा शब्द दोन्ही बाजूंना ठाऊक होता, पण त्याचा अर्थ दोघांचा एक नव्हता. साहेबाच्या लेखी ती हवेशीर, स्वच्छ आणि रोग्याला इतरांपासून अलग ठेवणारी जागा. कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराच्या लेखी तिथे आपलं माणूस उशाशी नसतं, पाणी कोणाच्या हातचं ते कळत नाही, आणि मेल्यावर तोंडात पाणी घालायलाही कोणी नसतं. यातली कोणती समजूत खुळी म्हणायची? प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं. हाफकिनने आपली लस स्वतःला टोचून घेतली ती १८९७च्या जानेवारीत, आणि तीही प्रतिबंधक. त्यातून रुग्णालयात आणला जाणारा रोगी बहुतेकदा अखेरच्या अवस्थेत असायचा, कारण घरचे त्याला लपवून ठेवत. म्हणजे भीतीपोटी रोगी उशिरा येई, उशिरा आल्यामुळे मरे, आणि मेल्यामुळे भीती खरी ठरे. आत गेलेला परत येत नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

१८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि प्रशासनाच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार गेले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून काखा आणि जांघा तपासत. गाठ तिथेच येते, त्यामुळे वैद्यकाच्या दृष्टीने ही तपासणी बरोबर होती. पण परपुरुषाने चारचौघांत बाईच्या काखेत हात घालायचा, याचा अर्थ इथे काय होतो हे तपासणाऱ्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. स्त्री डॉक्टर नेमायला हव्यात ही जाग नंतर आली. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत घरझडतीला सोजीर घुसले. त्याच्या परिणामांबद्दल इथे नव्याने सांगायला नको. त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. हडपसरजवळ त्यांच्या यशवंताने, म्हणजे डॉक्टर झालेल्या मुलाने, दवाखाना घातला होता. रोग तोच होता आणि औषधाची कमतरताही तीच होती, पण तिथे रोग्याला उचलून आणणारे हात ओळखीचे होते.

मार्च १८९८मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत एका आजारी मुलीला हलवण्यावरून दंगल उसळली, आणि त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली. एक तोड मात्र त्याआधीच निघू लागली होती: जातीजातींची आणि धर्मांची वेगळी प्लेग रुग्णालयं. हिंदूंचं, मुसलमानांचं, पारशांचं, जैनांचं. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढण्यात पुढाकार घेतला. लोक येऊ लागले. स्वयंपाक आपल्या हाताचा, आपलं माणूस उशाशी, आपले संस्कार. उपाय लागू पडला हे मान्य करायला हवं. पण त्यातून सरकार नेमकं काय शिकलं? आपल्या आणि रोग्याच्या मध्ये कोणीतरी प्रतिष्ठित माणूस उभा करायचा, हे शिकलं. तो शेठ असेल, मौलवी असेल, जातीचा पंच असेल. डॉक्टरने स्वतः काही शिकावं, हा विचार त्या साऱ्या धामधुमीत मला कुठे आढळत नाही. रोग्याशी बोलणं हे मधल्या माणसाचं काम ठरलं, आणि आजतागायत ते बरंचसं त्याच्याकडेच आहे.

हे असंच व्हायला हवं होतं असं मात्र नाही. प्लेगच्या सत्तर वर्षं आधी मुंबईत एक वेगळा प्रयोग झाला होता. १८२६मध्ये सरकारने एक देशी वैद्यकशाळा काढली. शस्त्रवैद्य जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख. शिकवणं मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषांतून व्हायचं, आणि त्यासाठी मॅक्लेनननी वैद्यकाची पुस्तकं या भाषांत तयार करून घेतली. मराठीत छापील गद्य नुकतं कुठे रांगू लागलं होतं, त्या काळात शरीररचनाशास्त्र मराठीत सांगायचं धाडस या माणसाने केलं. ही शाळा सहा वर्षांत, १८३२मध्ये, बंद पडली. कलकत्त्याची तशीच शाळा १८३५मध्ये मोडली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचं मेडिकल कॉलेज आलं. त्यानंतर मुंबईत गव्हर्नर रॉबर्ट ग्रँटच्या नावाचं कॉलेज १८४५मध्ये सुरू झालं, तेही इंग्रजीतून. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाईंचं रुग्णालय. १८५१मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते.

पुढे १८६०च्या दशकात ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्गही उघडले. पण कोणासाठी? हॉस्पिटल असिस्टंटसाठी, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालच्या माणसासाठी. मला या छोट्याशा प्रशासकीय निर्णयात पुढच्या दीडशे वर्षांची बीजं दिसतात. इंग्रजीत शिकेल तो डॉक्टर, मराठीत शिकेल तो त्याचा सहायक. रोग्याची भाषा जितकी जवळची तितका हुद्दा खालचा. डॉक्टर मराठी असला तरी फरक पडत नव्हता, कारण त्याच्या विद्येची भाषा आणि त्याच्या रोग्याची भाषा यांच्यात एक जिना बांधला गेला होता. आजही जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात उभं राहून पाहा. रोग्याशी सर्वांत जास्त कोण बोलतं? मावशी. मग नर्स. मग आंतरवासी डॉक्टर. प्राध्यापक महाशय सर्वांत शेवटी, आणि तेही बहुधा रोग्याशी नव्हे, रोग्याबद्दल.

याच वर्गांच्या निमित्ताने मराठीत वैद्यकाची पुस्तकं झाली. डॉ. सखाराम अर्जुन यांनी गर्भविद्या आणि प्रसूतीवर मराठीत लिहिलं. रखमाबाईंचे ते सावत्र वडील, आणि १८८३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. अशा पुस्तकांचं मोल मोठं आहे. पण पाठ्यपुस्तकाची मराठी आणि ओसरीवरची मराठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात 'वेदना' असते. रोग्याजवळ वेदना नसते. त्याच्याजवळ कळ असते, चमक असते, ठणका असतो, ठसठस असते, शूळ असतो, मुरडा असतो. कळ येते आणि जाते, ठणका लागून राहतो, चमक भरते, मुरडा पिळून काढतो. माहीतगार माणसाला यातल्या एकेका शब्दावरून निम्मं निदान व्हावं इतकी ही भाषा नेमकी आहे. ती केसपेपरवर उतरते तेव्हा सगळ्याचं मिळून 'पेन' होतं.

बायकांच्या दुखण्यांची तर भाषाच आडपडद्याची. 'अंगावरून जातं', 'पांढरं जातं', 'धुपणी', 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे'. 'दिवस गेलेत' म्हणजे गर्भ राहिलाय, आणि 'मोकळी झाली' म्हणजे बाळंत झाली. वैद्यकीय पदव्युत्तरच्या सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा आता अखिल भारतीय कोट्यातून भरतात. केरळातून वा राजस्थानातून आलेल्या मुलाला 'दिवस गेलेत' हे ऐकून काय वाटत असेल? त्याला दोष कसा द्यावा, मुंबईत वाढलेल्या मराठी मुलांनासुद्धा 'धुपणी' माहीत नसते. मी वर्गात विचारतो तेव्हा हात वर करणाऱ्या बहुधा नर्सिंगच्या मुली असतात.

स्त्रीरोग्यांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाने एक पाऊल टाकलं खरं. एडिथ पीची १८८३मध्ये मुंबईत आल्या, आणि १८८६मध्ये उघडलेलं कामा रुग्णालय स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहिलं. त्याच वर्षी तिकडे फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी पदवीसाठी प्रबंध देत होत्या, आणि विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्याकडच्या बाळंतपणाची रीत परक्या वैद्यकविश्वाला समजावून सांगण्याचा तो प्रयत्न होता. आनंदीबाईंच्या चरित्राबद्दल आपण पुष्कळ लिहितो, त्या प्रबंधाच्या विषयाबद्दल क्वचितच.

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो, कारण जिना उतरून खाली यायचं काम आपल्याकडे खऱ्या अर्थाने तेव्हा झालं. तेही एखाद्या मोठ्या महाविद्यालयात झालं नाही, जंगलात झालं. १९७३च्या डिसेंबरमध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. लिपी नाही, कोश नाही, मराठीशी नातं नाही. डॉक्टरने रोग्याकडून भाषा शिकायची असेल तर तेवढा वेळ तरी रोगी गुरू होतो आणि डॉक्टर ठोठ विद्यार्थी. वैद्यकाच्या शिक्षणात ही अवस्था कोणाच्या वाट्याला येत नाही. तिचे परिणाम भाषेपुरते राहत नाहीत असं माझं मत आहे.

१९८६मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेलं हे दाम्पत्य. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा अभ्यास केला. रोग महत्त्वाचा होता, निष्कर्षही महत्त्वाचे होते, पण लोकांच्या लेखी तो त्यांचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी मागितलं म्हणून त्यांनी रक्त दिलं होतं, एवढंच. इथून पुढे त्यांच्या कामाची दिशा पालटली आणि लोकांना विचारून संशोधनाचा विषय ठरू लागला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यातून झाली. १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आकडे जगभर गाजले. मला त्यामागची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्या गावात बाई नवऱ्याजवळही 'पांढरं जातं' म्हणत नाही, तिथे गावातल्या एवढ्या बायका तपासायला आल्या, त्या आपण होऊन कशा आल्या असतील? राणीताईंचं 'कानोसा' हे पुस्तक मी मुलांना वाचायला सांगतो ते या प्रश्नासाठी. नावातच सगळं आहे. कानोसा घेणं म्हणजे बोलणाऱ्याच्या दाराबाहेर थांबून कान देणं.

शोधग्रामच्या दवाखान्याची हकीकत अभय बंगांनी अनेकदा सांगितली आहे. आदिवासी तुमच्या रुग्णालयांत का येत नाहीत, असं त्यांनाच विचारलं. उत्तरं अशी आली: इमारती मोठ्या असतात, भीती वाटते. नातेवाइकांना बाहेर काढतात. डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालतात, आम्ही तर प्रेताला पांढरं गुंडाळतो. आणि तिथे आमचा देव नसतो. यावर प्रबोधनाची मोहीम काढता आली असती. तसं न करता दवाखानाच त्या बेताने बांधला. खेड्यासारख्या झोपड्या, रोग्याबरोबर घरच्यांना राहायची सोय, आणि नाव दंतेश्वरी देवीचं. १८९६च्या आर्थर रोडवर लोकांनी दगड मारून जे सांगितलं होतं, तेच इथे चटईवर बसून सांगितलं गेलं. तक्रारींची यादी जवळजवळ एकच आहे. नव्वद वर्षांनी ती कोणीतरी लिहून घेतली.

दुसरं उदाहरण श्वास मोजण्याचं. अर्भकाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला किती श्वास पडतात ते पाहतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक असले तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसलं तर? तिला आकडे शिकवण्याऐवजी मण्यांचं एक साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिट मोजायला वाळूचं घड्याळ. बाळाच्या या दुखण्याला आपल्याकडे जुनं नाव आहे, 'डबा'. मेळघाटात 'डम्मा' म्हणून पोटावर डागण्या देतात, तेही अशाच दुखण्यांवर. लोकांजवळ रोगाचं नाव होतं, लक्षणाची ओळख होती, फक्त उपाय घातक होता. शिकवणाऱ्याने नाव तसंच ठेवून उपाय बदलायचा, की नावासकट सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची? गडचिरोलीने पहिला मार्ग धरला. पुढे गावातल्याच आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९च्या 'लॅन्सेट'मध्ये त्या ३९ गावांचे निष्कर्ष आले, त्यांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसतं.

आता परदेशातल्या गोष्टीकडे. आर्थर क्लाइनमन हे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. १९७८मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक निबंध लिहिला, आणि डॉक्टरने रोग्याला विचारायचे काही साधे प्रश्न सुचवले. या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? त्याची कशाची भीती वाटते? १९९७मध्ये अ‍ॅन फॅडिमन यांचं पुस्तक आलं. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावात लाओसहून आलेलं एक ह्मोंग कुटुंब, त्यांची अपस्माराने आजारी मुलगी लिया ली, आणि तिच्यावर मनापासून उपचार करणारे डॉक्टर यांची ती हकीकत आहे. दोन्ही बाजू चांगल्या माणसांच्या, दोन्हींचं त्या पोरीवर प्रेम, आणि तरी घात झाला. अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ते पुस्तक वाचायला लावतात. पुढच्याच वर्षी, १९९८मध्ये, मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर स्त्रियांनी एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. परक्या संस्कृतीत 'प्रावीण्य' मिळवता येतं हीच कल्पना त्यांना खटकली. त्याऐवजी त्यांनी नम्रता हा शब्द वापरला.

हा आक्षेप मला आपल्या प्लेगकडे परत नेतो. प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत हल्ली याद्या असतात: अमुक समाजाचे लोक असे, तमुक धर्माच्या स्त्रिया तशा, आदिवासी रोग्याशी बोलताना हे टाळा. अशी यादी पाठ केली की काम झालं असं वाटतं. ही यादी म्हणजे जातवार प्लेग रुग्णालयांचीच कागदी आवृत्ती आहे. समोरच्या माणसाला काही विचारायची गरज उरत नाही, त्याचा रकाना आधीच ठरलेला असतो. बंगांनी यादी वाचली असती तर त्यांना पांढऱ्या कपड्यांची गोष्ट कळली नसती.

२०१९पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचं शिक्षण सक्तीचं झालं आहे, आणि पहिल्या वर्षाच्या आरंभी पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेलाही तास दिले आहेत. याचं मी मनापासून स्वागत करतो. तास कसे होतात ते महाविद्यालयागणिक वेगळं. मी पाहिलेल्या एका वर्गात बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मुलांना मराठीची बाराखडी आणि फळांची नावं शिकवत होते. माझ्या हाती असतं तर मी तो तास वॉर्डातल्या मावशीला दिला असता, मानधनासकट. तिच्या जोडीला नर्सिंगच्या एखाद्या विद्यार्थिनीला बसवलं असतं.

मावशीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवून ठेवतो. न्यायालयात दुभाष्याचं पद असतं, कारण साक्षीचं भाषांतर चुकलं तर खटला फिरतो हे कायद्याला पटलेलं आहे. सरकारी रुग्णालयाच्या पदांच्या यादीत मला असं पद दिसलेलं नाही. तिथे हे काम जो सापडेल तो करतो: मावशी, शेजारच्या खाटेवरचा रोगी, रोग्याचं शाळकरी पोर. मी पाहिलेल्या केसपेपरांवर नाव, वय, लिंग, पत्ता यांना रकाने होते. भाषेला नव्हता.

माझ्या वर्गातली एक आंतरवासी मुलगी मागच्या पावसाळ्यात यवतमाळकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. तिने आपणहून केसपेपरच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहायला सुरुवात केली. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं झाकून तिने त्यातले काही कागद मला दाखवले. एकावर लिहिलं होतं: भाषा कोलामी. दुभाषी नातू, वय ११. खाली तिच्याच अक्षरात आजीची तक्रार होती, 'पोट दुखतं'. ती खोडून, दुसऱ्या दिवशीची तारीख घालून, शेजारी लिहिलं होतं: 'नर्सताईंनी नातवाला बाहेर पाठवून विचारलं. सहा महिने अंगावरून जातंय.'